प्राइड मोर्चात चालता चालता फोटो काढायचे आहेत: लेन्स कोणती न्यावी आणि लोकांना विचारायचं कसं?

लातूरचा_फोटोवाला:
राम राम मंडळी. लातूरला गंजगोलाईच्या मागं माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, डोहाळजेवण, यावरच धंदा चालतो. यंदा पुण्याच्या प्राइडला, म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी लोकांच्या मोर्चाला, जायलोय. शाळेतला दोस्त आता तिकडंच असतो, दरवर्षी चालतो. त्यानं सांगितलं, "फुटपाथवरून पेपरवाल्यासारखे काढणार असशील तर येऊच नको. आमच्यात चाल."

आता अडचण अशी की लांबचं जवळ आणणारी ७०-२०० मिमी लेन्स न्यावी का जवळचं, रुंद घेणारी २४-७०? दुसरं, चालत्या गर्दीत परवानगी घ्यायची कशी? लग्नात हा प्रश्नच नसतो, उलट फोटो नाही काढला तर मामा रुसतो. आणि स्टुडिओच्या इन्स्टा पेजवर टाकले तर चालतील का?

पैठणगेट:
७०-२०० घरी ठेव भाऊ. आत चालायचं म्हणजे माणूस हातभर अंतरावर, तिथं त्या लेन्सला नुसत्या नाकपुड्या मिळतील. २४-७० लाव, बहुतेक वेळ २८ वरच राहशील. पैठणहून नाथांची पालखी निघते तिच्यात मी पेपरसाठी चालत फोटो काढत आलोय, तिथंही हाच हिशोब.

तूही चालतोयस, तेही चालतायत, म्हणून शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नको. छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८, आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता ऑटोवर. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर २८ वर फोकस दोन मीटरला ठेवून दे, सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं साफ येतं. लग्नात मागचं धूसर करता तसं इथं करू नको, मागच्या पुठ्ठ्यावर काय लिहिलंय तेच तर वाचायचं असतं.

इंद्रधनुषी झेंड्यातल्या लाल पट्ट्याला जप. सॅटिनच्या झेंड्यावर ऊन पडलं की लाल रंग जळतो, नंतर काही हाती लागत नाही. एक्स्पोजर जरा खाली, आणि रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढ. मोठा झेंडा डोक्यावर धरून चालतात तेव्हा खालचे चेहरे हिरवे-जांभळे पडतात. ते दुरुस्त करत बसू नको, छान दिसतात.

समोरून घ्यायचं तर उलटं चालावं लागतं. दोस्ताला बॅगेचा पट्टा धरायला लाव, नाहीतर डिव्हायडरवर जाशील. चौकात पोलीस मोर्चा थांबवतात. तिथंच नाच सुरू होतो, तिथं पुढं राहा.

परवानगीचं चालणारे लोकच सांगतील. एवढं खरं की १९९९ ला कलकत्त्यात असा मोर्चा पहिल्यांदा निघाला तेव्हा जेमतेम पंधरा जण होते. पुण्यात २०११ पासून निघतोय, कॅमेऱ्याची सवय बऱ्याच जणांना झालीय. सगळ्यांना नाही.

गोदाकाठ:
मी चालतो त्यात, मास्क लावून. नांदेडला घरी कोणालाच माहीत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आम्हाला सोडवलं, पण आमच्या भावकीपर्यंत ती ऑर्डर अजून पोचलेली नाही.

दादा, पुण्यात कोण ओळखतंय, हा विचार डोक्यातून काढा. एमपीएससीवाले, कंपनीवाले, अर्धा मराठवाडा तिथंच राहतो. आणि खरं सांगू? फोटो इंग्रजी पेपरात आला तर एकवेळ चालेल. तुमचं पेज मला जास्त धोक्याचं वाटतं. तिथं बघणारे सगळे आपल्याच पाहुण्या-रावळ्यांतले. दुपारी टाकला तर संध्याकाळी गावच्या ग्रुपवर.

विचारायचं म्हणजे थांबवून अर्ज भरून घ्यायचा नाही. कॅमेरा छातीशी धरा, नजर मिळवा, भुवई उडवा. मान हलली तर काढा. पण कुठं टाकणार, हे वेगळं विचारा. काढायला हो म्हणणारा टाकायला हो म्हणेलच असं नाही. मागं कोण आलंय तेही बघा. मास्क खाली करून पाणी पिणाऱ्याचा तर काढूच नका. चेहरा ब्लर केला म्हणून भागत नाही, दिवाळीला घेतलेला शर्ट आई ओळखते.

परभणीची_ताई:
गोदाकाठचं पटतं, पण पूर्ण नाही. त्या भीतीनं लोक नुसत्या पाठी, हात आणि झेंडे काढून आणतात. बघणाऱ्याला वाटतं आम्ही सगळ्याच काहीतरी लपवायलोय. माझा काढा ना, समोरून, दात दिसेपर्यंत! माझ्या आईला माहीत आहे, ऑफिसात माहीत आहे.

आणि नटलेल्यांच्याच मागं धावू नका. दरवर्षी पेपरात पंख लावलेलाच माणूस छापून येतो. त्याच्या शेजारून कॉटनचा कुर्ता घालून, खांद्याला पिशवी अडकवून मी चालत असते, ती कोणालाच दिसत नाही.

तुम्ही लग्नवाले चेहरे गुळगुळीत करता, ते इथं न विचारता करू नका. साडी नेसलेला एखादा म्हणेल, दाढीची खुंटं दिसलीच पाहिजेत, तीच तर गंमत आहे. एखादी तृतीयपंथी ताई म्हणेल, बाई गं, ती आधी पुसून टाक. दोघांचंही खरं. आणि काढलेले फोटो त्यांना पाठवा तरी. गावाकडून आलेल्यांकडं स्वतःचा असा एक धड फोटो नसतो.

लातूरचा_फोटोवाला:
लई आभार. एक बॉडी, २४-७०, बस्स. पेजवर एकही टाकणार नाही, ज्याचे त्याला पाठवीन. ताई, तुमचा समोरून काढणार, नंतर नाही म्हणू नका. घरी बायकोला सांगितलं तर आधी म्हणाली लोक काय म्हणतील, मग म्हणाली साड्यांचे फोटो मला दाखवा.

पाठवताना काही काळजी घ्यावी का?

गोदाकाठ:
कॅमेरा मोबाईलच्या ॲपला जोडलेला असेल तर लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फोटोसोबत लोकेशनही जातं. आणि तो फोल्डर लग्नांच्या हार्ड डिस्कवर ठेवू नका. अल्बम डिझाइनवाल्याकडं डिस्क जाते, तिथं कोण काय उघडून बघेल सांगता येत नाही.