इटली नोव्हेंबर (फक्त येणारे)

स्नेहा: सगळ्यांना नमस्कार. फ्लॉरेन्समधल्या घराचा पोल टाकून आठवडा होत आला. मत देणारे तिघं, त्यात एक मी आणि एक विनय, त्यालाही मीच दाबायला लावलं. सान्तो स्पिरितो चौकाजवळचा जो फ्लॅट "अगदी वाड्यासारखा" म्हणून सगळ्यांना आवडला होता, तो आज दुपारी गेला. कोणाला दोष देत नाहीये. पण गेला.

मंदार: अरेरे

मंदार: कोणता तो? निळ्या खिडक्यांचा?

स्नेहा: हिरव्या. फोटो टाकलेत, वर जाऊन बघ.

शैलाआत्या: 🌹शुभ संध्याकाळ🌹 बरं झालं गेला. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. माझ्या गुडघ्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही, मी आपली गप्प बसले.

स्नेहा: आत्या, मी विचारलं होतं. तुम्ही अंगठा दिला होतात.

शैलाआत्या: तो मंदारच्या नव्या गाडीला होता.

नंदूकाका: (फोटो) हे बघा. ११ दिवस, ९ शहरं, जेवणखाण आपलं, मराठी टूर मॅनेजर. आणि आपण सात दिवस एकाच फ्लॉरेन्समध्ये! सात दिवसांत मी कोल्हापूर संपवून पन्हाळा, जोतिबा, नरसोबाची वाडी करून परत घरी येऊन झोपेन.

विनय: काका, हे पाडव्याला बोलून झालंय.

नंदूकाका: बोलून झालंय. ठरलं नव्हतं.

अदिती म्युनिक: बाबा, तुम्हीच पाठवलेल्या कागदात बघा, फ्लॉरेन्सला दुपारचे दोन तास आहेत. दोन तासांत उफिझी म्युझियमची रांगसुद्धा बघून होत नाही.

आप्पा: कृपया सर्वांनी लक्षात घ्यावे. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज यांचे ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे निधन झाले. विशीतला राजा, इंग्लंडहून परत येत होता. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ साली तेथे स्मारक उभे राहिले. आपण कोल्हापूरचे असून तेथे न जाणे योग्य दिसणार नाही.

विनय: आप्पा, जाऊ या की. कोणी नाही म्हटलंय?

आप्पा: कार्यक्रमात नाव दिसले नाही.

स्नेहा: आप्पा, कार्यक्रमच अजून झालेला नाही. आधी घर ठरू दे.

मंदार: नंदूमामाच्या टूरमध्ये स्मारक आहे का? 😜

नंदूकाका: मंदार, तू काश्मीरच्या शिकारा बोटीचे पैसे दिलेस का, मग बोल.

मंदार: मामा, ते मी पहलगामला घोड्यांत वळते केले होते. एक्सेलमध्ये बघा.

नंदूकाका: एक्सेल माझीच आहे. त्यात असं काही नाही.

स्नेहा: काश्मीरच्या ग्रुपवर बोला ना प्लीज. दोन घरं शिल्लक आहेत. (अ) स्टेशनजवळ, लिफ्ट आहे, तीन खोल्या, खाली ट्रॅम. (ब) सान्ताम्ब्रोजो मंडईजवळ, पहिला मजला, जुने जिने, स्वयंपाकघर मोठं. भाड्यात फार फरक नाही. शहराचा मुक्काम-कर दर माणशी दर रात्री वेगळा पडतो, तो दोन्हीकडे आहे.

सुमनकाकू: स्वयंपाकघर मोठं म्हणजे सहलीला जाऊन पोळ्या कोणी लाटायच्या?

अदिती म्युनिक: आई, कोणी लाटायच्या नाहीत. मंडईत ताजी भाजी, ब्रेड, फळं मिळतात. रिबोल्लिता म्हणून शिळ्या ब्रेडचं, राजम्यासारख्या पांढऱ्या दाण्यांचं आणि पालेभाजीचं सूप असतं, बहुतेक ठिकाणी शाकाहारी, तरी विचारून घ्यायचं. फक्त तिथला ब्रेड अळणी असतो, मीठच घालत नाहीत. आणि लाम्प्रेदोत्तोच्या गाड्यांपासून लांब राहा, ते गाईचं पोट असतं.

सुमनकाकू: शिव शिव.

मंदार: मी खाणार

शैलाआत्या: तू माझ्या शेजारी बसून खाणार नाहीस.

अदिती म्युनिक: आई, चीजबद्दलही सांगून ठेवते. पार्मेजान बनवताना दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. पास्त्यावर वरून किसून घालायला येतील तेव्हा हात आडवा करायचा.

सुमनकाकू: मग मागच्या वर्षी म्युनिकला तू आम्हाला काय वाढत होतीस??

अदिती म्युनिक: 🙈

नंदूकाका: मी म्हणतच होतो, आपल्या टूरमध्ये जेवण आपलं असतं.

आप्पा: पुन्हा पाठवत आहे. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज यांचे ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे निधन झाले. आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर अग्नी दिला. स्मारक १८७४. कार्यक्रमात नाव असावे.

स्नेहा: आप्पा, लिहून घेतलं. पहिलंच नाव लिहिलंय.

आप्पा: धन्यवाद. त्या प्रवासात महाराज रोजनिशी लिहीत होते, ती १८७२ साली छापली गेली. वाचल्याशिवाय कोणी येऊ नये.

विनय: ९ जणांत एक प्रत, आप्पा?

आप्पा: मी फोटो काढून पाठवीन.

मंदार: स्टोरेज फुल होणार 🙏

नंदूकाका: बरं, एकाच गावात राहायचं तर काय काय आहे ते सांगा. डेव्हिडचा पुतळा चौकात उभाच आहे म्हणे, फुकट. मग अकादेमिया म्युझियमचं तिकीट कशाला?

अदिती म्युनिक: बाबा, चौकातली प्रतिकृती आहे. मूळ मूर्ती पावसापाण्यात खराब होत होती म्हणून १८७३ ला आत हलवली. बाहेरची १९१० ची.

नंदूकाका: दिसायला सारखीच ना?

अदिती म्युनिक: 🤦🏻‍♀️

विनय: आणि कॅथेड्रलच्या घुमटावर चढायचंच. ब्रुनेलेस्कीने बांधलेला, १४३६ ला पूर्ण झाला. विटांचा, आणि बांधताना खालून लाकडी आधाराचा सांगाडा लावलाच नाही. विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या बसवत नेल्या म्हणून त्या चढत गेल्या तरी सरकल्या नाहीत. माझ्या साइटवरच्या पोरांना मी दरवर्षी हे सांगतो. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. तिकीट ३० युरो, चढायची वेळ आधी ठरवायची, नंतर बदलून मिळत नाही.

स्नेहा: आत्या खाली कॅथेड्रलमध्ये बसतील, तिथे प्रवेश फुकट आहे.

शैलाआत्या: मी कुठे बसायचं ते तुम्ही आधीच ठरवलंय वाटतं. छान.

स्नेहा: तसं नाही हो आत्या. गुडघ्याचं तुम्हीच म्हणालात.

शैलाआत्या: फ्लॅटचं म्हणाले. रोज तीन मजले वेगळे आणि एकदा घुमट वेगळा. गेल्या चैत्रात जोतिबाच्या पायऱ्या चढलेय मी.

मंदार: आई, अर्ध्या.

नंदूकाका: (फॉरवर्ड) नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्सला भीषण पूर, चित्रं-पुस्तकं चिखलात!! काळजी घ्या!!

अदिती म्युनिक: बाबा, हे ४ नोव्हेंबर १९६६ चं आहे.

नंदूकाका: तारीख नोव्हेंबरचीच आहे ना. पंचगंगा कुठे सांगून येते? २०१९ ला आप्पाच्या घरात कमरेएवढं पाणी होतं.

आप्पा: छातीएवढे होते. पण नद्यांचा दोष नाही.

विनय: पाऊस असतो नोव्हेंबरात, छत्र्या न्यायच्या. संध्याकाळी पाचला अंधार. पण गर्दी कमी. मे महिन्यात उफिझीत बॉतिचेल्लीच्या चित्रांपुढे फक्त लोकांची डोकी दिसतात.

विनय: बॉतिचेल्लीवरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात उफिझीतली चित्रं शहराबाहेर मोंतेगुफोनीच्या गढीत हलवली होती. आणि १९४४ ला तिथे मुक्कामाला आलेले कोण? मराठा लाईट इन्फंट्रीचे जवान! बॉतिचेल्लीचं 'प्रिमावेरा' त्याच गढीत भिंतीला टेकून उभं होतं.

मंदार: म्हणजे आपली पोरं त्याच्याशेजारी कांदा-भाकर खात होती 😂 भारी

आप्पा: विनय, हे मला आधी का सांगितले नाहीस? तिथेही जावे लागेल.

स्नेहा: विनय. कशाला.

सुमनकाकू: पोन्ते वेक्योवर सोनारांची दुकानं आहेत ना? पुलावर?

अदिती म्युनिक: हो आई. आधी तिथे खाटीक होते, १५९३ ला तिथल्या ड्यूकने वासामुळे त्यांना हलवून सोनार बसवले. तेव्हापासून तीच दुकानं. पण सोनं बहुतेक १८ कॅरेट, वर ७५० चा छाप.

नंदूकाका: १८ कॅरेट घेऊन करायचं काय? मोडीत काय येणार?

सुमनकाकू: घेताना मोडीचा विचार करणारा माणूस माझ्याच नशिबात.

शैलाआत्या: सुमन, घे तू. हात भरलेले छान दिसतात.

शैलाआत्या: (हा मेसेज डिलीट केला आहे)

सुमनकाकू: मी वाचला.

शैलाआत्या: काय वाचलंस? चुकून गेला. मंदारला पाठवायचा होता.

सुमनकाकू: सासूबाईंच्या पाटल्या लॉकरमध्ये आहेत. कधीही येऊन बघा. त्यांनी कोणाच्या हातात दिल्या ते भावजींना ठाऊक आहे.

आप्पा: हा विषय येथे नको.

नंदूकाका: 🙏

मंदार: बरं पुलावर आइस्क्रीम कुठलं चांगलं 🍦

स्नेहा: लोकहो. जेवणं झाली असतील तर (अ) की (ब)? अदिती, तू तिथे गेली आहेस, तू सांग.

अदिती म्युनिक: वहिनी, मी (ब) म्हणेन. स्टेशनजवळ सोय आहे पण रात्री तिथे फक्त बॅगा ओढणारी माणसं. सान्ताम्ब्रोजोला सकाळी मंडई, समोर बारमध्ये उभं राहून कॉफी, बसून घेतली की जास्त पडते. चार दिवसांत कॉफीवाला ओळखायला लागतो. आठवडा एका गावात काढायचा तो याचसाठी, नाहीतर बाबांची टूर काय वाईट आहे.

नंदूकाका: वाईट नाहीच.

अदिती म्युनिक: बाबा, पिसा लोकल ट्रेनने साधारण तासाभरावर, सिएना बसने सव्वा तास, रोमसुद्धा फास्ट ट्रेनने दीड तास. तुम्हाला अस्वस्थ वाटलं की एक दिवस सुटायचं.

नंदूकाका: पिसा होणार हे लेखी द्या.

स्नेहा: लेखी दिलं. सोमवारी पिसा, कारण सोमवारी उफिझी आणि अकादेमिया दोन्ही बंद असतात. रविवारी पोचू तेव्हा कॅथेड्रल आतून बघता येणार नाही, प्रार्थना असते.

आप्पा: पुन्हा पाठवत आहे. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज

विनय: आप्पा!!

आप्पा: अर्धवट गेला. वार सांगा एवढेच म्हणायचे होते.

अदिती म्युनिक: आप्पाकाका, मंगळवार ठेवा. स्मारक काशिने बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावसुद्धा महाराजांवरून 'पोन्ते आल्लिंदियानो', म्हणजे त्या भारतीयाचा पूल. आणि दर मंगळवारी सकाळी त्याच बागेत शहरातला मोठा बाजार भरतो. कपडे, चपला, कातडी पट्टे, भांडी. आत्या, घासाघीस चालते.

शैलाआत्या: हे आधी सांगायचं ना. मग मंगळवारी मी येते. स्मारकाला.

मंदार: 😂😂

अदिती म्युनिक: फक्त बाजार एका टोकाला, स्मारक दुसऱ्या. मधे दोनेक किलोमीटर चाल आहे. आत्यांना आणि आप्पाकाकांना टॅक्सीने नेऊ.

आप्पा: मी चालत येईन.

नंदूकाका: टॅक्सीचे पैसे कोणत्या खात्यात?

स्नेहा: काका, सामायिक खात्यात. घरमालकीणबाई सांगतात की चावी हातात द्यायला त्या स्वतः येणार, दारावरच्या चावीच्या पेट्यांवर आता तिथे बंदी आहे. तर विमान उशिरा आलं तर कळवायचं, रात्री भटकायचं नाही. (ब) साठी अंगठा द्या. फक्त घरासाठी.

विनय: 👍
मंदार: 👍
अदिती म्युनिक: 👍
सुमनकाकू: 👍 पोळ्या लाटणार नाही.
आप्पा: मान्य.
नंदूकाका: 👍 (निषेध नोंदवून)

स्नेहा: आत्या?

शैलाआत्या: पहिला मजला म्हणजे किती पायऱ्या?

स्नेहा: विचारलं आत्या. २२. मधे टप्पा आहे.

शैलाआत्या: 👍

स्नेहा: बुक केलं. आता व्हिसा. विमा ३०,००० युरोंचा तरी हवा, तो नसेल तर अर्ज घेत नाहीत. आणि परत आल्यावर किमान तीन महिने पासपोर्ट चालू असला पाहिजे. उद्या रात्रीपर्यंत प्रत्येकाने पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो मला पर्सनलवर पाठवा. इथे ग्रुपवर नको.

नंदूकाका: (फोटो)

स्नेहा: काका, पर्सनलवर. आणि हा येत्या ऑगस्टमध्ये संपतोय.

नंदूकाका: कुठे लिहिलंय?

सुमनकाकू: मी जानेवारीपासून सांगतेय.

शैलाआत्या: (फोटो)

मंदार: आई, हे आधार कार्ड आहे.