नुसता नमुना मोजून भागत नाही
जुन्या विमानांचे सुटे भाग नव्याने बनवायचा विषय निघाला, की "जुना भाग मोजायचा आणि तसाच बनवायचा, त्यात काय एवढं?" असं काही जण म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. हाती येतो तो नमुना झिजलेला असतो. मूळ टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ती मर्यादा, त्यात कुठून सापडणार? आणि असे भाग लागतातच: अमेरिकेचं शेवटचं बी-५२ बॉम्बर विमान १९६२ साली बनलं, आणि ती विमानं अजून उडताहेत.

साधी पिन घ्या. कडक पोलादावर कॅडमियमचा मुलामा देताना हायड्रोजन आत शिरतो आणि पोलाद ठिसूळ करतो. नंतर काही तासांतच ती १९० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत बराच वेळ ठेवली नाही, तर चकचकीत दिसणारी पिन भाराखाली अचानक तुटू शकते. नुसतं बघून काहीच कळत नाही. छोट्या कारखानदाराने हे सगळं सांभाळायचं आणि ऑर्डर मात्र दहा-बारा नगांची! ड्रॉइंग आणि पहिल्या नगाच्या तपासणीचे पैसे त्याला वेगळे मिळायलाच हवेत.