उपरती, मनपालट की सरळ ‘सुधारला’?

मेघा_पुणे: अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या अंगोला तुरुंगावरचा लेख मराठीत करतेय. तिथे १९९५ पासून आतच बाप्टिस्ट सेमिनरीचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थेचं, कॉलेज चालतं. जन्मठेपेचे कैदी चार वर्षांची पदवी घेतात आणि मग आपल्याच बराकीत प्रार्थना घेतात, मरणाऱ्या सोबत्यापाशी बसतात. ‘प्रिझन मिनिस्ट्री’चं यंत्रानं ‘तुरुंग मंत्रालय’ केलं, ते हसून खोडलं. पण एका कैद्याबद्दलच्या ‘ट्रान्सफॉर्म्ड’पाशी अडलेय. ‘त्याला उपरती झाली’ लिहिलं, तर संपादक म्हणतात खवचट वाटतं.

नानासाहेब: वाटायचंच. ‘निवडणूक आली, सरकारला उपरती’ असले मथळे देऊन पेपरवाल्यांनीच त्याची माती केली. मुळात वेदान्तातला शब्द. शम, दम, उपरती, तितिक्षा… उपरम म्हणजे थांबणं. तोच ठेवा.

तात्या_लिमिटेड: नाना, माती झाली ती झाली. वाचक आजचा आहे. ‘सुधारला’ लिहून मोकळं व्हा.

रूथ_नगर: ‘सुधारला’ हा जेलरचा शब्द हो. वागणूक काय, संचित रजेच्या अर्जापुरतीही सुधारते. आमच्या चर्चच्या मंडळीत ‘तारण झालं’, ‘नवा जन्म झाला’ म्हणतात. आणि मिनिस्ट्रीला नुसतं ‘सेवा’. माझे मामा नाताळात पेटी-ढोलकी घेऊन जिल्हा कारागृहात सेवेला जायचे. पहिल्या वर्षी गाणी झाल्यावर सवयीनं विचारलं, “आता साक्ष कोण देणार?” सगळ्या माना खाली. शेवटी एक म्हातारा हळूच म्हणाला, “साहेब, साक्षीनंच तर आत आलो.” पुढल्या वर्षीपासून मामा ‘अनुभव सांगा’ म्हणू लागले.

मेघा_पुणे: रूथताई, हे भारी! पण ‘नवा जन्म’ चर्चबाहेरच्या वाचकाला पोचेल?

नानासाहेब: मूळ ग्रीक मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. मराठी बायबलात त्याचा ‘पश्चात्ताप’ झाला, तिथे नसता ताप आला. ‘मनपालट’ करा.

तात्या_लिमिटेड: खांदेपालट, हवापालट, पीकपालट. पुढच्या हंगामात परत ज्वारी!

वसईकर: वाल्याचा वाल्मीकी?

मेघा_पुणे: वाल्या निदान रानात मोकळा होता. यातल्या बहुतेकांना आतच मरायचंय. वाक्य शवपेट्या करणाऱ्या एका कैदी सुताराबद्दल आहे. प्रसिद्ध अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहमना २०१८ मध्ये पुरलं ते याच तुरुंगात बनलेल्या साध्या प्लायवूडच्या पेटीत.

रूथ_नगर: मग ‘बदलला’ पुरे की. “तो बदलला.” आमच्याकडे दारू सुटलेल्याची बायको एवढंच म्हणते.

नानासाहेब: बदलते तर हवापण.

वसईकर: अवांतर करतो. ‘तुरुंग’ आला पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून. म्हणजे लाकडाचा ओंडका, कैद्याचे पाय अडकवायचा, आपला खोडाच. मलय भाषेतही ‘तेरुंकू’ आहे. ‘पाद्री’ही पोर्तुगीजच. एका गलबतातून दोघं उतरले म्हणा ना!

नानासाहेब: साफ चूक. तुरंग म्हणजे घोडा. गुन्हेगाराला पागेत डांबत, म्हणून तुरुंग. आमचे आजोबा सांगत.

तात्या_लिमिटेड: ‘घोडचूक’ही तिथलीच का, नाना?

रूथ_नगर: 😀

मेघा_पुणे: मंडळी, लेख आज रात्री द्यायचाय. त्या सुताराचं काय करू?

नानासाहेब: थांबा हो. वसईकर, खोड्याचा विषय काढलाच आहात, तर ‘खोडकर’ खोडापासून की खोडीपासून?