कारच्या लायसनवर छोटा हत्ती (टाटा एस, छोटी मालवाहू गाडी) चालवता येतो का?

प्रश्न: माझ्याकडे एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे कारचं) लायसन आहे, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेल पंढरपूरला न्यायचेत, गाडी पिवळ्या पाटीची (व्यावसायिक) आहे, एजंट म्हणतोय वेगळं ट्रान्सपोर्ट लायसन काढा, खरंय का?

उत्तर १: नाही हो दादा. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्येच सांगितलंय की गाडीचं एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर एलएमव्हीवर मालवाहू गाडीपण चालते. आरसीवर जीव्हीडब्ल्यू बघा, ते मालासकट वजन असतं, छोटा हत्ती त्यात आरामात बसतो.

उत्तर २: ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना मात्र हे लागू नाही. आणि इन्शुरन्स, फिटनेस चालू ठेवा भाऊ, लोक तिथंच ढिलाई करतात.