इंट्यूनमधला जुना लॅपटॉप नवीन माणसाला देताना रिटायर करायचं का वाइप?

सोडून गेलेल्यांचे लॅपटॉप परत आलेत, सगळे इंट्यूनमध्ये (कंपनीची डिव्हाइस दुरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) आहेत, नवीन जॉइन झालेल्यांना द्यायचेत. एकाला रिटायर मारलं तर जुन्या युजरच्या फायली, अगदी डेस्कटॉपवरचे घरचे फोटोसुद्धा जसेच्या तसे. असं कसं?

उत्तर १: रिटायर फक्त कंपनीच्या पॉलिसी आणि डेटा काढतं, बाकीचं राहतं, ते स्वतःचं मशीन वापरणाऱ्यांसाठी बरं. तुम्हाला वाइप हवं, ते सगळं पुसून मशीन रिसेट करतं. आता जो रिटायर झालाय त्याला इंट्यूनची कमांड पोचणारच नाही, तो हाताने रिसेट करा. ऑटोपायलटमध्ये (विंडोज मशीन सुरू होताच कंपनीला जोडून देणारी मायक्रोसॉफ्टची सोय) नोंद असेल तर रिसेटनंतर वायफाय जोडलं की कंपनीचं लॉगिन येतं, नवीन माणसाने स्वतःच्या आयडीने साइन इन केलं की मशीन एनरोल होतं, म्हणजे परत इंट्यूनमध्ये येतं.

उत्तर २: एंट्रामधून (कंपनीचे युजर आणि डिव्हाइस यांची नोंद ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) डिव्हाइस डिलीट करायची घाई नको प्लीज! तिथे ठेवलेली बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) रिकव्हरी कीसुद्धा सोबत जाते, मग डिस्क लॉक झाली तर डेटा गेलाच समजा. आधी की काढून ठेवा.

उत्तर ३: आणि जे विकणार असाल त्यांची ऑटोपायलटची नोंद आठवणीने काढा, नाहीतर घेणाऱ्याने विंडोज नव्याने टाकलं तरी तुमच्याच कंपनीचं लॉगिन समोर येणार. मदरबोर्ड बदललेला असेल तर हार्डवेअर हॅश (ऑटोपायलट ज्यावरून मशीन ओळखतं तो कोड) बदलतो, तो परत अपलोड करावा लागतो.