सिड मेटल: वाद्य की शेव?

तिसरी घंटा
स्वीडनच्या लुलेओ गावचा ‘मशिने सुप्रीमसी’ हा बँड २००० सालचा. कमोडोर ६४ या १९८२च्या घरगुती काँप्युटरमधली आवाजाची सिड चिप त्यांनी हेवी मेटलमध्ये आणली आणि त्याला नाव दिलं ‘सिड मेटल’. माझं मत: मूळ माल साधा मेटलच, चिप म्हणजे वरून भुरभुरलेली शेव. लहानपणी गेम खेळलेल्यांना गलबलून येतं, एवढंच.

पाव_किलो_बेस
शेव काढून भेळ खा एकदा, मग बोलू.

खर्जातली
असहमत. सिडमध्ये एका वेळी आवाज तीनच. त्यात सूर, बेस आणि ताल सगळं बसवायचं, मग कॉर्डला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांना, जागा कुठून आणणार? म्हणून कॉर्डचे स्वर एकामागोमाग इतके भरभर वाजवायचे की कानाला ते एकत्रच वाटावेत. आता मेटलवाले गिटारवर दोन्ही हातांनी टॅपिंग करतात, म्हणजे तारांवर बोटं ठोकत भरभर स्वर काढतात, ते आठवा. तेच की! दोघांचं गोत्र एक आहे, बँडने फक्त सोयरीक जुळवली. आणि हे नकली सँपल, म्हणजे रेकॉर्ड केलेले तुकडे, नाहीत. बँडच्या सिडस्टेशन नावाच्या सिंथमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यात, खरी चिप असते.

तिसरी घंटा
पण ती तीन आवाजांची अडचण गेम-संगीतकारांची होती. यांच्याकडे गिटार, बेस, ड्रम सगळं आहे. अडचण नसताना लंगडायचं कशाला? ‘जेट्स एन गन्स’ या २००४च्या गेमला त्यांनी संगीत दिलं, तिथे चिप शोभते. अल्बममध्ये का?

खर्जातली
हार्मोनियमवर मींड निघत नाही, म्हणून ती मैफलीतून उठवली का कुणी?

कॅसेट_फुंकून_लावा
गलबलण्याबद्दल बोलतो. आमच्या घरी नव्वदीत होता तो ‘टीव्ही गेम’, जत्रेतून आणलेला. कॅसेट फुंकायची, खोचायची, मारिओ सुरू. कमोडोर मी आजतागायत डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरी हा बँड आवडतो. मग आठवणी कुठल्या?

तिसरी घंटा
मारिओचं टुंगटुंग कानात बसलंय ना, त्याचीच भावकी.

खर्जातली
लांबची. टीव्ही गेमच्या चिपला फिल्टर, म्हणजे आवाजाची धार कमीजास्त करायची सोय, नव्हता, सिडला आहे. म्हणूनच तो आवाज गुरगुरत उघडतो-मिटतो. डिस्टॉर्शन लावलेल्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवलेल्या, गिटारशेजारी तो टिकतो तो त्यामुळे. टीव्ही गेमचं टुंगटुंग तिथे ठेवलं असतं तर खेळण्यातलं वाटलं असतं.

तिसरी घंटा
बरं, आत्ता हेडफोन लावून परत ऐकलं. फिल्टरचा मुद्दा मान्य. खरं तर मला चिप खुपतच नव्हती, खुपत होता गायकाचा नाकातला आवाज.

पाव_किलो_बेस
त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न आणतो.