डोक्यातून न जाणाऱ्या गाण्याला काय म्हणायचं?

सकाळी दात घासताना सुरू झालं, ते हे लिहितानाही चालूच आहे. बरं, गाणं तरी धड असावं? कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीतल्या चार ओळी, आणि त्यातल्याही मला दोनच येतात. तो साबण मी आयुष्यात कधी आणलेला नाही. पण गाणं डोक्यात अडकलंय ते अडकलंयच.

इंग्रजीत याला 'इअरवर्म' म्हणतात. मराठीत एकच नेमका शब्द आहे का? 'कानकिडा' आणि 'कर्णकृमी' सुचवायच्या तयारीत असलेल्यांना आधीच हात जोडते. पहिला ऐकला की बोट आपोआप कानाकडे जातं, दुसरा ऐकला की जंतांचं औषध आठवतं. शिवाय आपल्याकडे डोक्यात किडा वळवळतो तो वेगळाच. 'याच्या डोक्यात मध्येच काय किडा वळवळला!' म्हणजे याला भलतंच काहीतरी करायची हुक्की आली. त्याचा गाण्याशी काही संबंध नाही.

तर सुचवा. शब्द तोंडात बसणारा हवा, परिभाषाकोशात पुरून ठेवायचा नको.

०

झपाटगाणं. बाकी चालू द्या.

०

शब्द नंतर शोधू. आधी 'अडकलंय' हे क्रियापद मला खटकलं, ते सांगतो. काटा घशात अडकतो, पतंग झाडात अडकतो. अडकलेली वस्तू एका जागी गप्प असते, तिची अडचण तीच असते. तुमची तक्रार बरोबर उलटी आहे: हे गाणं थांबतच नाही. मग ते अडकलं कसं? ते घोळतंय, फिरतंय, पिंगा घालतंय.

आणि डोक्याच्या बाबतीत मराठी माणसानं प्रत्ययाला फार जपावं. गाणं 'डोक्यात बसलं' तर ठीक, पाठ झालं. 'डोक्यात शिरलं' म्हणजे समजलं. 'डोक्यावरून गेलं' म्हणजे कळलंच नाही. 'डोक्यात गेलं' म्हणजे संताप आला. आणि 'डोक्यातून जात नाही' म्हणजे तुमचा आजार. गंमत अशी की 'डोक्यात जातं' आणि 'डोक्यातून जात नाही' या दोन तक्रारी एकाच गाण्याबद्दल एकाच वेळी करता येतात, आणि बहुतेकदा त्या तशाच केल्या जातात.

०

'अडकलंय'च्या बाजूनं एक मुद्दा. जुन्या तबकडीवर पिन अडकायची तेव्हा तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजायचा. तिथंही अडकायची पिन, गाणं फिरतच राहायचं. म्हणजे गाणं मोकळं, अडकलेले आपण. त्या अर्थानं 'पिन अडकली' हा प्रयोग इथं चपखल आहे. आता तबकडी गेली, पिन गेली. तेच तेच बोलणाऱ्या माणसाला मात्र आपण अजून 'याची पिन अडकलीये' म्हणतो.

०

'ऐकून ऐकून कान किटले' म्हणतो ना आपण? त्यातलं 'किटणं' हे कीटकापासूनच आलं असणार. म्हणजे कानातला किडा मराठीत आधीपासून होताच! मग 'कानकिटं गाणं' काय वाईट?

०

छान जमलं होतं, पण नाही. किटणं म्हणजे मळानं चिकट, मेणचट होणं. भांड्यावर चढतं ते किटण. संस्कृतात 'किट्ट' म्हणजे मळ, गंज. कान किटले म्हणजे ऐकण्याचे थरावर थर चढून ते बुजले. किड्याचा संबंध फक्त दिसण्यापुरता.

अर्थही जुळत नाही. कान किटतात बाहेरून येणाऱ्या आवाजानं: सल्ले, तक्रारी, वरच्या मजल्यावरची तालीम. इथं बाहेर चिडीचूप असतं, सगळा गोंधळ आत. आणि हा गोंधळ निव्वळ कल्पनेतला नसतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या संशोधकांनी लोकांना ओळखीची गाणी ऐकवली आणि मधले काही तुकडे गाळून तिथं शांतता ठेवली. त्या शांततेतही ऐकण्याशी संबंधित असलेला मेंदूचा भाग काम करत राहिला. गाळलेली जागा मेंदू स्वतःच भरत होता. तेव्हा बिचाऱ्या कानाचा यात काही दोष नाही, शब्दातून त्याला वगळावं.

०

किड्याचं मूळ जर्मन आहे. 'ओअरवुर्म' म्हणजे कान-अळी, आणि मुळात ते एका खऱ्याखुऱ्या किड्याचं नाव: शेपटीला चिमटा असलेला, कानात शिरतो अशी समजूत असलेला. तेच नाव पुढे गाण्याला मिळालं आणि इंग्रजांनी ते शब्दशः उचललं. ज्या किड्याबद्दल 'कानात जाईल हं' अशी भीती आपल्याला घातली गेली, तो म्हणजे गोम. म्हणून भाषांतरच करायचं तर 'किडा' कशाला? 'कानगोम' म्हणा. 'यात खरी गोम अशी आहे' हा अर्थ वर फुकट.

०

कानगोम! वाचूनच अंगावर काटा आला. गाणं परवडलं.

०

किडाच हवा असेल तर मराठीकडे स्वतःचा आहे. भुंगा.

त्याची दोन रूपं बघा. एक कवितेतला: फुलाभोवती रुंजी घालणारा, गुंजारव करणारा. दुसरा घराच्या तुळईतला: आत बसून लाकूड पोखरणारा, खाली भुसा पाडणारा. 'डोक्याला भुंगा लागला' म्हणतो तो हा दुसरा. एखादी काळजी, एखादा प्रश्न आत शिरतो, कुरतडत राहतो, झोप उडवतो.

गाण्याचं अगदी तसंच आहे. आवडीचं असेल तर ते 'मनात रुंजी घालतं' आणि नावडतं असेल तर 'भुंगा लागतो'. प्राणी एकच, कुरकुर आपली. मला तर असंही दिसतं की एकाच गाण्याचा प्रवास सकाळी रुंजीपासून सुरू होऊन संध्याकाळी भुंग्यावर संपतो.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात भ्रमराचा दृष्टान्त आहे. कोरडं, टणक लाकूड सहज कोरणारा हा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. तिथं प्रसंग अर्जुनाच्या मोहाचा आहे, पण मला ते वाचताना नेहमी ही गाणी आठवतात. अवघड, भारदस्त रचना ऐकून आपण व्यवस्थित बाहेर पडतो. सापडतो ते चार सुरांच्या लाडिक जाहिरातीत.

माझं मत 'भुंगागाणं' या शब्दाला. म्हणायला जरा बोजड आहे, कबूल.

०

'मानगुटीवर बसलेलं गाणं' कुणी लिहिलं कसं नाही? नियमही तोच. विक्रमानं मौन सोडलं की वेताळ उडून परत झाडावर. इथंही मोठ्यानं म्हणून टाकलं की मानगूट मोकळी. फरक एवढाच, की हा वेताळ आपल्या झाडावर न जाता शेजारच्या माणसावर जाऊन बसतो.

०

वरचं शेजाऱ्याचं अगदी खरं. मार्क ट्वेन यांची १८७६ सालची एक गोष्ट नेमकी यावरच आहे. निवेदकाच्या डोक्यात तिकिटं पंच करण्याचं एक यमकी बडबडगीत बसतं, जेवण-झोप हराम होते. शेवटी ते आपल्या धर्मोपदेशक मित्राला ऐकवल्यावर तो सुटतो, आणि मित्र कामातून जातो. मैत्रीची याहून प्रामाणिक गोष्ट मी वाचलेली नाही.

आता या विषयावरची माझी ठाम आणि निराधार मतं.

आवडतं गाणं कधीच दिवसभर टिकत नाही, टिकतं ते न आवडणारं. (खरं तर आवडतं टिकतं तेव्हा आपण तक्रार करत नाही, म्हणून मोजलं जात नाही. पण मत ते मत.)

जे 'मला गाण्यातलं काही कळत नाही' म्हणतात, तेच लिफ्टमध्ये शिट्टीवर अर्धा मुखडा सोडून आपल्या मजल्यावर उतरतात. उरलेला अर्धा आपण घेऊन वर जायचं.

शब्द चुकीचे पाठ असलेलं गाणं जास्त दिवस छळतं, कारण मेंदूलाही शंका असते.

आणि मदत क्रमांकावर 'कृपया प्रतीक्षा करा'नंतर लागणारी धून ही संगीतात मोडत नाही. तो दंड आहे.

०

'पालुपद' सगळे विसरलात. गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी ओळ ती पालुपद, आणि माणूस तेच तेच बोलायला लागला तरी 'त्याचं एकच पालुपद'. डोक्यात बसतं ते आख्खं गाणं कुठं असतं? पालुपदच असतं. अंतरा कुणाच्या डोक्यात बसल्याचं ऐकलंय?

धोशा, टुमणं, लकडा, तुणतुणं हे त्याचेच भाऊबंद, पण एक फरक आहे. धोशा कुणीतरी लावतो, लकडा कुणीतरी लावतो, टुमणं कुणीतरी लावतो. त्यांना करणारा लागतो. तुमच्या साबणाच्या गाण्याला करणारा कोण?

०

मी रवंथाच्या बाजूनं. गिळलेलं पुन्हा तोंडात आणून निवांत चघळायचं. ब्राझीलमध्ये अशा गाण्याला 'चुइंगम गाणं' अशाच अर्थाचं नाव आहे, म्हणजे हे फक्त आम्हालाच सुचलं असं नाही.

यावरचं संशोधनही मजेशीर आहे. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना चिकटणारी गाणी ऐकवली. त्यानंतर ज्यांना चुइंगम चघळायला दिलं होतं, त्यांच्या डोक्यात ती गाणी कमी वेळा आली. कारण असं सांगतात, की मनातल्या मनात गाताना आपण बोलण्याचीच यंत्रणा वापरतो. जबडा दुसऱ्या कामाला लावला की आतल्या गाण्याची जागा जाते. खऱ्या चघळण्यानं खोटं चघळणं थांबतं. रवंथ हा शब्द म्हणून मला नुसता गमतीचा नाही, शास्त्रशुद्ध वाटतो.

आणि कुठली गाणी चिकटतात, हेही बघून झालंय. डरम विद्यापीठाच्या केली याकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३००० लोकांच्या उत्तरांवरून जे मांडलं ते थोडक्यात असं: लय जरा जलद, चालीचा चढउतार अगदी ओळखीचा, पण मध्येच एखादी अनपेक्षित उडी किंवा वाजवीपेक्षा जास्त पुनरावृत्ती. म्हणजे धरायला सोपं आणि सोडायला अवघड. जाहिरातवाल्यांना हे सांगायला विद्यापीठाची गरज नव्हती.

०

एवढ्या लोकांना होतं तर याला आजार कशाला म्हणायचं? फिनलंडमध्ये २००८ साली बारा हजारांहून जास्त लोकांना विचारलं होतं. नव्वद टक्क्यांहून अधिक जण म्हणाले, आठवड्यातून एकदा तरी होतंच. एवढं सार्वत्रिक आहे, तर जांभई, शिंक, उचकी यांच्यात बसवा आणि मोकळे व्हा.

०

उचकीवरून सुचलं. आपण सगळे नाम शोधतोय आणि मराठीचं बळ क्रियापदात आहे.

उचकी कशी येते? 'मी उचकतो' असं म्हणत नाही. 'मला उचकी लागली.' भूक लागते, तहान लागते, ठसका लागतो, डुलकी लागते, वेड लागतं, नाद लागतो, भुंगा लागतो. या सगळ्यात 'मी' कर्ता नाही, 'मला' आहे. घडतंय माझ्यात, पण करत मी नाही. वर विचारलं होतं ना, करणारा कोण? कुणीच नाही, आणि ते सांगायची सोय 'लागणं' या एका क्रियापदात आहे. शिवाय जे लागतं ते कधी सुटेल हे आपल्या हातात नसतं, हेही त्यात आलं.

तेव्हा: 'मला सकाळपासून गाणं लागलंय.' किडा नको, गोम नको, नवा शब्द पाठ करायला नको.

०

उत्तम आहे, पण रेडिओवरही 'गाणं लागतं'. लोकांचा घोटाळा होईल.

०

'मला' असल्यावर कसला घोटाळा? रेडिओ 'मला' लागत नाही.

०

सगळ्यांचे आभार. 'पिन अडकली' आणि 'रुंजी ते भुंगा' दोन्ही वहीत टिपून ठेवलं. 'कानगोम' मुद्दाम टिपलं नाही, तरी लक्षात राहील असं दिसतंय.

'लागलंय' मला सर्वांत पटलं, म्हणून लगेच घरात वापरून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हटलं, "अहो, सकाळपासून मला ते साबणाचं गाणं लागलंय."

वर्तमानपत्रातून मान वर न करता उत्तर आलं, "मग बंद कर की."